पदयात्रेचा ऋतू

दूरच्या तीर्थस्थानी पायी जाण्याचा बेत मनात आला की, पहिला प्रश्न 'कशासाठी' असा क्वचितच विचारला जातो. पहिला प्रश्न असतो 'कधी'. उन्हाचा ताप कोणत्या महिन्यात कमी असतो, पाऊस केव्हा आटोपतो, मुक्कामाला थंडी किती पडेल, सुट्ट्या कधी जुळतील, या चर्चेत संध्याकाळच्या संध्याकाळ निघून जाते आणि हेतूचा विचार जणू आधीच झालेला आहे, असे सारे गृहीत धरतात. वरवर पाहता हा प्रश्न केवळ सोयीचा आहे. दिनदर्शिका, शाळेचे वेळापत्रक आणि हवामानाचा अंदाज समोर ठेवला की तो सुटावा. परंतु थोडा विचार केला असता या साध्या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. आपण 'उत्तम ऋतू' म्हणतो तेव्हा तो उत्तम कोणासाठी? चालणाऱ्याच्या पायांसाठी, ज्या सणाला आपण निघालो त्या सणासाठी, की ज्यांना घरी ठेवून आपण निघतो आणि ज्यांच्या दारी जाऊन उतरतो, त्यांच्यासाठी?

हा विचार आम्ही कर्जत-खालापूरच्या भूमीवर उभे राहून करीत आहोत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा वाटसरूंचाच म्हणावा लागेल. पनवेलहून चौक, खालापूर, खोपोली असे करीत बोरघाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीवरील लोणावळ्याकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता वर्षातून अनेकदा यात्रेकरूंनी गजबजतो. चैत्रात आगरी आणि कोळी बांधवांच्या पालख्या कार्ल्याच्या एकवीरेकडे निघतात. कार्तिकात वारकऱ्यांच्या दिंड्या आळंदीची वाट धरतात. माघात गणेशजयंतीला खालापूर तालुक्यातीलच महडच्या वरदविनायकाकडे भाविकांची रीघ लागते. आपण ख्रिस्ती माणसे सप्टेंबरात उलट दिशेने, वांद्र्याच्या मोतमाउलीकडे निघतो, ते बहुधा लोकलगाडीने. पायी जावे, अशी इच्छा मात्र अनेकांच्या मनात असते, आणि ती बोलून दाखवली की, 'पण कधी?' हा प्रश्न पुढे येतोच.

प्रथम शरीराचा कौल घेऊ. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबरी रस्ता दुपारनंतरही तापलेलाच राहतो. उन्हाचा धोका किती खरा आहे, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे श्रद्धेने आलेली होती आणि काही तास उन्हात बसली होती. चालत गेलेल्या माणसाचे काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पावसाळ्याची गोष्ट निराळी नाही. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. घाटात धुके आणि दरडी, सखल भागात पाणी, भिजलेल्या पायांना फोड, आणि पावसाच्या पडद्याआड चालणारा माणूस वाहनचालकाला दिसत नाही, हे सर्वांत मोठे भय. उरतो तो हिवाळा. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पहाटे गारवा असतो, दुपार सुसह्य असते, ओढे-नाले उतरलेले असतात. तेव्हा शरीराला विचाराल, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने हाच कर्जत-खालापूरच्या पदयात्रेचा ऋतू होय.

ऋतूचा गुण मुलखागणिक बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे संत याकोबाचा सण २५ जुलैला येतो. त्या वाटेवर हिवाळ्यात अनेक यात्रिकनिवास बंद असतात, डोंगरवाटांवर बर्फ असते, आणि जाणकार मे किंवा सप्टेंबर महिना सुचवितात. आपण ज्या महिन्याला भितो, त्या महिन्याची तेथील यात्रिक वाट पाहतो. सण मात्र कोठेही हवेची वाट पाहत नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो, आणि सिंधुदुर्ग व बेळगाव भागांतून त्या निमित्ताने पायी जाणाऱ्या भाविकांना ऋतूची साथ आपसूक मिळते. पवित्र मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला येतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याची जत्रा आठवडाभर भरते, तेव्हा मोसमी पाऊस अद्याप परतलेला नसतो. म्हणजे शरीर एक महिना सांगते आणि सण दुसराच सांगतो. अशा वेळी काय करावे?

यावर एक उत्तर आवेशाने दिले जाते. यात्रा म्हणजे सहल नव्हे, कष्ट हवेतच. उलट जितका ऋतू कठीण तितके पुण्य अधिक. आषाढी वारीचा दाखला यासाठी हमखास दिला जातो. वारकरी भर पावसात तीन आठवडे चालतात, मग आपणच ऊन-पावसाचा एवढा विचार का करावा, असे विचारले जाते. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. सुखाची सवय जडलेल्या मनाला थोडे कष्ट घडले, तर ते हिताचेच आहे, आणि उपवासकाळाची शिकवणही तीच आहे. परंतु कष्ट हेच पुण्याचे माप मानणे ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरून नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट मांडले आहे की, सद्गुणाचे सार कठीणपणात नसून चांगुलपणात आहे. एखादी गोष्ट केवळ अवघड आहे म्हणून ती अधिक पुण्यप्रद ठरत नाही. ती अधिक चांगलीही असावी लागते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभू येशूने नाकारला, तोही याच कारणाने. देव सांभाळील म्हणून मुद्दाम संकटात शिरणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय. आणि येणाऱ्या संकटाविषयी शिष्यांना सावध करताना, तुमचे पलायन हिवाळ्यात होऊ नये अशी प्रार्थना करा, असे प्रभूने सांगितल्याचे संत मत्तय नोंदवितो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांची चिंता त्याने त्याच संदर्भात वाहिली. ज्याने क्रूस उचलला, त्याने दुबळ्यांच्या वाटेवरील थंडीचाही विचार केला होता.

मग आषाढी वारीचे काय? तिच्याकडे नीट पाहिले, तर ती वेगळीच गोष्ट सांगते. घाटावरच्या कोरडवाहू मुलखात मृगाच्या पावसावर पेरणी झाली की, शेतकऱ्याला काही दिवसांची उसंत मिळते. त्याच वेळी घाटाखाली काय चाललेले असते? कर्जत-खालापूरच्या खाचरांत आषाढ म्हणजे भातलावणीचा महिना. चिखलणी झालेली, रोप तयार झालेले, घरातील प्रत्येक हात चिखलात. त्या वेळी कोकणातला शेतकरी तीन आठवडे घर सोडून गेला, तर वर्षाचे पोटच बुडेल. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे त्यानंतर. कापणी-मळणी उरकून दाणे कणगीत पडले की, कार्तिकात आपल्या तालुक्यांतील दिंड्या आळंदीसाठी घाट चढू लागतात. एकाच भक्तिपंथातील माणसे घाटाच्या वर एका ऋतूत मोकळी होतात आणि घाटाच्या खाली दुसऱ्या. अंगावर घेतलेले काम पुरे झाल्यावर जो काळ मोकळा मिळाला, तो त्यांनी देवाला दिला. त्या काळात पाऊस असेल तर पाऊस, थंडी असेल तर थंडी.

पवित्र शास्त्रातही हेच आढळते. इस्राएल लोकांनी वर्षातून तीनदा परमेश्वरासमोर यावे, असा नेम अनुवाद ग्रंथात घालून दिला आहे. वल्हांडणाच्या वेळी सातूचे पीक येऊ लागे, सप्तकांच्या सणाला गव्हाची कापणी संपे, आणि मांडवांच्या सणाला फळे व द्राक्षे घरात आलेली असत. कोणी रिकाम्या हाताने येऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. यात्रा पिकाला बांधलेली होती, म्हणजेच ती कर्तव्याला बांधलेली होती. नाझरेथचे कुटुंब दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात असे. ते सुताराचे काम खाली ठेवून आणि गावकऱ्यांच्या मेळ्याबरोबर जात असे, हे बालयेशू मंदिरात हरवला त्या प्रसंगावरून आपणांस ठाऊक आहे. मुलगा सोबतच्या मंडळींत असेल, असे मानून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले होते, इतका तो मेळा विश्वासाचा होता.

येथून आमच्या प्रश्नाला वेगळे वळण लागते. आपण चालत असताना आपले काम कोणाच्या हातांवर पडणार आहे, हे ऋतू निवडताना विचारले पाहिजे. आज आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे बहुतांशी शेतीवर अवलंबून नाहीत. कोणी खोपोलीच्या कारखान्यात, कोणी पहाटेच्या कर्जत लोकलने मुंबईला, कोणी शाळेत, कोणी रुग्णालयात कामाला जाते. तरी प्रत्येक घराची एक लावणी आणि एक कापणी असतेच. उपवासकाळ हा आत्मपरीक्षणाचा आणि म्हणून पदयात्रेचा स्वाभाविक काळ वाटतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, आणि त्या दिवसांत बाप यात्रेला गेला तर मुलाच्या अभ्यासाची आणि आईच्या जागरणाची वाटणी एकतर्फी होते. डिसेंबरातील हवा सर्वांत अनुकूल. परंतु नाताळच्या आधीचे दोन आठवडे घरातील स्त्री स्वयंपाकघरात, रंगसफेदीत आणि पाहुण्यांच्या तयारीत गुंतलेली असते. पुरुषमंडळींनी डिसेंबर निवडावा आणि मग बायका यात्रेला फारशा येत नाहीत, असे म्हणावे, यात काय न्याय आहे? त्यांच्या येण्याची वाट आपण महिना ठरवतानाच बंद केलेली असते. ऋतूची निवड ही सोबत्यांची निवड असते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

तोच न्याय यजमानांच्या बाबतीत लावावा लागतो. पावसाने झोडपलेल्या याच तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि बायकांना पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. शंभर यात्रेकरूंचा तांडा अशा गावी उतरला आणि त्याने हातपाय धुतले, तरी गावाचे दिवसाचे पाणी संपते. यजमान नाही म्हणणार नाही. आपल्या मुलखात दारी आलेल्या यात्रेकरूला कोणी विन्मुख पाठवीत नाही. पण जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या नाइलाजावर आपली भक्ती उभी राहत असेल, तर त्या भक्तीने स्वतःला तपासावे. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असते आणि घरात नवे तांदूळ आलेले असतात. तेव्हाचे आतिथ्य यजमानालाही आनंदाचे होते.

आणि ज्यांना ऋतू निवडताच येत नाही, त्यांचे काय? ज्या दिवसांत दिंड्या घाट चढतात आणि आपणही पदयात्रेचे बेत करतो, त्याच दिवसांत कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर बिऱ्हाडे डोक्यावर घेऊन, लेकरांसकट ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा त्या महिन्यांत सुटते ती सुटतेच. रस्ता तोच, हवा तीच, चालणेही तसेच. फक्त त्यांच्या चालण्याला यात्रा म्हणत नाहीत. आपल्याला जो ऋतू उत्तम वाटतो, तो त्यांच्या स्थलांतराचा ऋतू आहे. निदान त्या वाटेवर त्यांच्याकडे पाहून, दोन शब्द बोलून, त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करून पुढे जाण्याचे बंधन आपल्यावर येत नाही काय?

काही वाटा अशाही असतात की, जेथे ऋतू विचारणे हाच अपराध ठरेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मुसळधार पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने मदतीला गेलेली माणसे पायीच वर चढली, आणि चढता चढता अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याने हृदयविकाराने प्राण सोडला. चालण्यासाठी त्याहून वाईट ऋतू आणि त्याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. तरी त्या रात्रीचे ते चालणे पवित्र होते, यात आम्हांला शंका वाटत नाही. पवित्र मरिया एलिझाबेथच्या भेटीसाठी डोंगराळ प्रदेशात निघाली, तेव्हा ती त्वरेने निघाली एवढेच संत लूक सांगतो. हवा कशी होती हे तो सांगत नाही. वृद्धापकाळी गर्भवती राहिलेल्या आप्तेला हातभाराची गरज होती, तेच निघण्याचे कारण आणि तीच निघण्याची वेळ. विवेक आपणांस ऋतू निवडायला शिकवितो; पण कोणाच्या हाकेला ओ देताना तोच विवेक ऋतूचा विचार बाजूला ठेवायलाही सांगतो.

येथे कोणी विचारील की, इतका विचार करून योग्य ऋतू निवडला, म्हणजे यात्रा निर्विघ्न होईल काय? तशी हमी नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये खालापूर तालुक्यातून आळंदीकडे निघालेल्या एका दिंडीत मावळात भरधाव वाहन घुसले आणि अनेक वारकरी जखमी झाले. ऋतू योग्य होता, हेतू निर्मळ होता. रस्ता मात्र वाहनांचा होता. म्हणून महिना ठरवणे येथे काळजी संपत नाही. अंधारात चालताना चमकणारे पट्टे, पुढे-मागे दिवा घेतलेला स्वयंसेवक, एका ओळीने रस्त्याच्या कडेने चालणे आणि थकलेल्यांसाठी मागून येणारे वाहन, ही देखील भक्तीचीच अंगे आहेत. एवढे करूनही फळ आपल्या हाती नसते. संत इग्नेशियस लोयोला स्वतःला 'यात्रेकरू' म्हणवीत. १५२३ साली ते जुलैमध्ये व्हेनिसहून जहाजाने निघाले आणि सप्टेंबरच्या आरंभी यरुशलेमला पोहोचले. तेथेच आयुष्यभर राहण्याचा त्यांचा निर्धार होता. परंतु तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून काही आठवड्यांतच त्यांना परत फिरावे लागले. त्यांच्या आयुष्यातील खरे कार्य त्या परतीनंतर घडले. प्रभू येशूनेही भावांच्या आग्रहावरून मांडवांच्या सणाला जाण्याचे आधी टाळले, आपली वेळ अद्याप आली नाही असे सांगितले, आणि नंतर तो गुपचूप गेला. यात्रेची वेळ केवळ आपल्या आग्रहाने ठरत नाही, एवढे यावरून कळते.

मग आम्ही काय सुचवितो? कर्जत-खालापूर परिसरातून दूरची पदयात्रा काढायची, तर गरव्या भाताची कापणी झाल्यापासून आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, किंवा प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतर परीक्षांच्या आधी, असे दोन मोकळे पट्टे आपल्याला मिळतात. उपवासकाळात चालायचे तर अंतर कमी ठेवावे, पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपवावी. मोतमाउलीचा सण सप्टेंबरातच येणार. तेव्हा लोकलने वांद्र्याला जाऊन स्थानकापासून टेकडीपर्यंत चालावे. त्या थोड्या वाटेवर म्हातारी आजी आणि कडेवरचे मूलही सोबत असते, म्हणून ती यात्रा उणी ठरत नाही. २४ डिसेंबर २०२४ ते ६ जानेवारी २०२६ या काळात साजऱ्या झालेल्या जुबिली वर्षात 'आशेचे यात्रेकरू' हे बोधवाक्य होते, आणि आजार वा वार्धक्यामुळे ज्यांना घराबाहेर पडता आले नाही, त्यांनाही घरूनच प्रार्थनेने सहभागी होऊन जुबिलीची कृपा मिळेल, असे ख्रिस्तसभेने जाहीर केले होते. जे चालू शकत नाहीत, त्यांना आपण यात्रेबाहेर ठेवू शकत नाही.

महिना ठरवण्यापूर्वी मात्र एक काम करावे, असे आम्हांस वाटते. ज्यांना यावेसे वाटते पण येता येत नाही, त्यांच्याकडे प्रथम जावे आणि तुम्हांला कोणता महिना जमेल, असे विचारावे. घरातील गृहिणीला, पाळीवर काम करणाऱ्या कामगाराला, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलीला आणि वाटेतील गावच्या यजमानालाही विचारावे. त्यांच्या उत्तरांतून जो महिना निघेल, तो कदाचित हवेच्या दृष्टीने थोडा उणा असेल. पहाटेचा गारवा थोडा कमी मिळेल, एखादी सर अंगावर येईल. पण त्या महिन्यात आपल्याबरोबर चालणारी माणसे अधिक असतील, आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाच्याही डोक्यावर आपले ओझे नसेल. चालताना जपमाळेचे मणी ओढणारा हात मग मोकळ्या मनाने चालेल.